एकच गाडी

एका वाक्यानं इतिहास बदलू शकतो, असं म्हणतात. आमच्या घरात असं एक वाक्य लिहिलं गेलं. पलंगावर, उशीला टेकून. ते ऐकण्याच्या नादात माझी कुकरमधली डाळ करपली, एवढा बदल मला तेव्हाच दिसला.

लिहिणारी माझी बायको. धाराशिवच्या एका शाळेत तिनं हयातभर भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर तिच्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या. हिनं हवामान बदलाचं आंदोलन काढलं. आंदोलन म्हणजे काही निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजातली थोडी मुलं दर शुक्रवारी कलेक्टर कचेरीसमोर फलक घेऊन उभी राहायची. 'कोळसा जमिनीतच राहू द्या' हा तिचा फलक. उन्हाळ्यात सगळे फलक डोक्यावर आडवे धरायचे, त्यामुळं मजकूर फक्त कावळ्यांना वाचता यायचा. मी समोरच्या टपरीवर पाण्याची बाटली सांभाळत बसायचो. कचेरीत कामाला आलेली माणसं थांबून विचारायची, "बाई, कोणती योजना हाय ही? अर्ज कुठं द्यायचा?" ती प्रत्येकाला समजावून सांगायची. वर्गात सांगायची तसं, पुन्हा पुन्हा.

मग तिला कर्करोग निघाला. उपचारासाठी आम्ही सोलापूरला एसटीनं जायचो, कारण तिचा तो नियम होता. पुढं पुढं तिला बसवेना, तेव्हा गाडी करावी लागली. तुळजापूरच्या घाटात मागच्या सीटवर आडवी पडून ती म्हणाली, "एका माणसासाठी एवढं डिझेल."

"दोन माणसं आहोत," मी म्हणालो.

"तुम्ही एसटीनं येऊ शकत होतात."

आमच्या भागाचे पुढारी, सगळ्यांचे 'साहेब', हे तिचे जुने विद्यार्थी. साहेब कुठंही निघाले की मागं गाड्यांची रांग. गावाच्या वेशीवर जेसीबी उभा असायचा. ज्या यंत्रानं नाल्या खोदायच्या त्याच्या खोऱ्यातून झेंडूची फुलं ओतायची आणि क्रेनला टांगलेला हार घालायचा, ही आमच्याकडची स्वागताची रीत. हार गळ्यात मावत नाही, म्हणून माणूसच हारात उभा राहतो.

साहेब तिला बघायला आले. पाया पडले, पलंगाशेजारी स्टुलावर बसले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. निघताना म्हणाले, "बाई, हवामानावर मेळावा ठेवलाय. वरून सांगितलंय त्यावर बोला म्हणून. मला त्यातलं काय कळतंय? तुम्हीच लिहून द्या."

"देते. पण एक वाक्य मी सांगेन ते वाचायचं. गाळायचं नाही."

"कोणतं?"

"आजपासून माझ्यासोबत एकच गाडी असेल."

साहेब हसले. ती हसली नाही. "कोळसा बंद कर असं मी तुला म्हणत नाही. ते दिल्लीत ठरतं. ताफा तुझा आहे. तू एवढं केलंस की लोकांना कळेल, हे करता येतं. मला तेवढं बघू दे."

पुढाऱ्यांच्या आश्वासनांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते मी तिला ऐकवलं. ती म्हणाली, "तुम्हाला विद्यार्थी नव्हते. तुम्हाला कळायचं नाही."

मेळाव्याला तिला खुर्चीवर बसवून नेलं. साहेबांनी भाषण वाचलं. दोन-तीन ठिकाणी अडखळले, पण ते वाक्य स्वच्छ वाचलं. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला, तिच्याकडं बघितलं आणि ते वाक्य कागदाविना पुन्हा म्हणाले. टाळ्या थांबेनात. मी माझं मत मागं घेतलं, मनातल्या मनात. त्या रात्री तिनं कितीतरी दिवसांनी पिठलं-भाकरी मागून घेतली आणि वर म्हणाली, मिरची कमी पडलीय.

त्याच आठवड्यात सकाळी गल्लीत हॉर्न सुरू झाले. पाठोपाठ हलगी. मी गॅलरीत गेलो, तर खाली नजर पोचेल तिथपर्यंत मोटारसायकली, त्यांच्यामागं जीपगाड्या, आणि कोपऱ्यावर जेसीबी वळता वळत नव्हता. एक कार्यकर्ता जिना चढून वर आला. घामानं निथळत होता, पण खुशीत होता.

"बाई, खाली येता का? साहेबांचा सत्कार हाय."

"कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"साहेबांनी ताफा सोडला ना. असा त्याग कुणी केलाय का आजवर? नळदुर्गापासनं गाड्या आल्यात."

ती उशीवरून थोडी उठली. मग म्हणाली, "पायी का नाही आलात?"

"पायी कोण येतंय बाई? ऊन लई वाढलंय."

तो चेष्टा करत नव्हता. त्यानं तिच्यासाठी नारळपाणी आणलं होतं.

साहेब वर आले. केसांत झेंडूच्या पाकळ्या, मान खाली. "बाई, मी नको म्हणलो होतो. पोरं ऐकत न्हाईत."

"नववीतही तू हेच कारण सांगायचास," ती म्हणाली, आणि त्यांच्या केसांतली एक पाकळी काढून टाकली.

ते गेल्यावर धूर बराच वेळ गल्लीत होता. तिनं मला खिडकी लावायला सांगितली. मी पंखा वाढवला, पाणी दिलं, साहेबांविषयी काही बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिचं लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "वाक्य अवघड झालं होतं का हो?"

मी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला.

"शब्द पाचच होते," ती म्हणाली. "आणखी सोपं कसं लिहायचं?"

हे ती रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती खरंच विचारत होती. वर्गातल्या एकालाही धडा कळला नाही, तर चूक शिकवणाऱ्याची, असं ती मानत आली होती. पुढच्या शुक्रवारी मैत्रिणी फलक घ्यायला आल्या, तेव्हा तिनं तो दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. परत आल्यावर किती जण होते, हे तिनं विचारलं नाही. त्यानंतर ती पेपरही मागेना. मी वाचून दाखवायला घेतला की म्हणायची, "राहू द्या. तुम्ही जेवलात का?"

वैशाखात ती गेली. रात्रभर उकाडा होता, वीज नव्हती.

साहेब सकाळीच आले. रडले, ते रडणं खरं होतं, मी जवळून पाहिलं. माझे हात धरून म्हणाले, "बाईंचा शब्द मी मोडला न्हाय. माझ्यासोबत एकच गाडी हाय." ते बरोबर होतं. बाकीच्या गाड्या कार्यकर्त्यांच्या होत्या.

नगरपालिकेचा वैकुंठरथ गल्लीतून बाहेर निघेना. पुढच्या गाड्यांचे ड्रायव्हर चहाला गेले होते. एसी थंड राहावेत म्हणून इंजिनं त्यांनी चालूच ठेवली होती.