नवरीची गाडी आणि कापलेला पट्टा

नाशिकहून पहाटे निघाले तेव्हा मी इतकी खुशीत होते की चहा घ्यायचाही विसरले. वसईतल्या निर्मळ गावी रीटाचं लग्न होतं. रीटा म्हणजे माझ्या होस्टेलमधल्या मैत्रिणीची, एलिझाची मुलगी. एलिझानं शेवटच्या आजारपणात माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, "माझ्या लेकीला चर्चमध्ये तुझ्याच गाडीतून न्यायचं." त्यामुळे माझी जुनी गाडी आज नवरीची गाडी होणार होती!

माणिकपूरला गाडी सजवायला फिती घेतल्या, रिक्षांच्या गराड्यातून कशीबशी सुटले आणि पुढे केळीच्या वाड्या लागल्या. काय तो गारवा! तेवढ्यात बॉनेटखालून काहीतरी किंचाळायला लागलं.

तशीच निर्मळला पोचले. रीटाचे वडील, पास्कूभावजी, सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) घेऊन सामोरे आले. मी एक तोंडात टाकलं आणि आधी बॉनेट उघडलं. इंजिनाचा पट्टा पार भेगाळला होता, कडेचे धागे सुटले होते.

"हा तुटला तर बॅटरी बसेल, इंजिन तापेल," मी म्हणाले.

"ताई, चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे!" भावजींचा चेहरा उतरला.

"डिकीत नवा आहे. मीच बदलते की!"

इंजिन निवेपर्यंत जेवून घेतलं. मग ताण देणारी पुली पान्यानं सैल केली, पण पट्टा आत कुठेतरी अडकून बसला. "व्हा बाजूला," म्हणत भावजींनी केळी कापायचा कोयता आणला आणि एका झटक्यात पट्टा तोडून बाहेर ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा!

नवा पट्टा हातात घेतला तेव्हा कुठे चूक लक्षात आली. जुना पट्टा पुल्यांभोवती कसा फिरला होता, ते कुणीच पाहून ठेवलं नव्हतं. मोबाइलवर आकृती शोधली, तर ती भलत्याच इंजिनाची निघाली.

केसांना क्लिपा लावलेली रीटा बाहेर आली. हातात सोपट (हार बांधायचा केळीच्या खोडाचा धागा) होतं. "मावशी, आधी हे फिरवून बघू ना."

"खाचांच्या पुलीवर पट्ट्याची खाचांची बाजू, गुळगुळीत पुलीवर पाठ," मी सांगत गेले, ती सोपट फिरवत गेली. पहिली वाट नव्या पट्ट्यापेक्षा वीतभर जास्त भरली. दुसरी मात्र अगदी बरोबर! त्याच वाटेनं पट्टा चढवला, ताण दिला, किल्ली फिरवली. किंचाळणं बंद! मी आणि नवरी अंगणात चक्क नाचलो.

चर्चची घंटा व्हायच्या आत आम्ही दारात होतो.

दुसऱ्या दिवशी निघताना भावजींनी डिकीत केळीचा घड ठेवला. तुटका पट्टा काही देईनात. वाकलेल्या केळीला टेकू बांधायला त्यांना तो हवा होता.

कसारा घाट गाडी मुकाट चढत होती. इतकी शांतता मला सोसेना. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघून मी मोठ्यानं म्हणाले, "पोचवली गं तुझी लेक, एलिझा."