निळं फूल गुलाबी आलं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. देवापुढे उभी राहिले तरी हे सोडून बाकीचंच बोलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही — समोर माणूस असलं की माझ्या तोंडून शब्द निघत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली माझी. गावात मला गरीब बाई म्हणतात, म्हणजे स्वभावानं गरीब. अशी बाई कोणाचं काय वाईट करणार?

आधी झाडाचं सांगते. ते सांगणं सोपं आहे.

लेक आणि जावई लग्नानंतर उटीला गेले होते. तिथून लेकीनं गाडीत मांडीवर धरून एक कुंडी आणली. हायड्रेंजिया म्हणाली. मला ते नाव अजून नीट घेता येत नाही, मी निळंच म्हणते. लहान लहान फुलांचा एकच गेंद, नारळाएवढा. आणि रंग — पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाली की येतो, तसा. थंडीतलं झाड ते. आमच्या हिंगणीच्या उन्हात कसं टिकावं? मी ते कुलरच्या बाजूला ठेवलं, कुंडीला ओलं पोतं गुंडाळलं. आमचे हे म्हणायचे, "कुलर मानसासाठी घेतला का झाडासाठी? तेच झोपते गारव्यात, मी घामात."

बाया ते झाड पाहायला यायच्या. माझ्या घरी, माझं काहीतरी पाहायला. असं आधी कधी झालं नव्हतं. हे सांगते ते उगाच नाही.

दुसऱ्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला मी पुण्याला गेले, दोन महिने. झाड कांताबाईकडे दिलं. ती आमची शेजारीण, दोघींमध्ये एक भिंत. विधवा. लहानपणापासून एक पाय अधू, म्हणून वावरात जात नाही. घरी प्लास्टिकच्या पिशव्यांत रोपं करते आणि बाजारात विकते. ती दिवसभर घरीच असते म्हणून आमच्या गल्लीतल्या सगळ्या बाया कामाला जाताना घराची चाबी तिच्याकडे देऊन जायच्या. तिच्या दाराच्या चौकटीवर खिळ्यांची रांग होती, प्रत्येक घराचा खिळा ठरलेला. शाळेतून आलेली पोरं तिच्याकडूनच चाबी घ्यायची. कोणाच्या घरातून कधी सुई हलली नाही.

मी परत आले तर झाड तेलाच्या डब्यात.

"कुंडी तडकली होती वयनी," ती म्हणाली. "मंग डब्यात लावलं. वावरातली चांगली काळी माती आनून घातली. पाहा, जगलं न!"

मी बरं म्हटलं. पण घरी आणून पाहिलं — पानं जरा लहान नव्हती का? खोड आधी डावीकडे वाकलेलं होतं, की उजवीकडे? माझी कुंडी तडकली, तर तिच्या खापऱ्या कुठे होत्या? मी विचारलं नाही. मी कोणालाच काही विचारत नाही. मी पाहत राहते.

फाल्गुनात कळी फुटली. गुलाबी.

चांगलं भरलेलं फूल होतं, पण गुलाबी. निळं झाड गेलं आणि त्याच्या जागी हे कोणतंतरी साधं आलं, एवढंच मला दिसलं. त्या दिवसापासून माझा एक डोळा भिंतीपलीकडे. विरजण मागायच्या निमित्तानं तिच्या परसात गेले, पोती उचलून पाहिली. सेलूच्या बाजारात कांदेवाल्याच्या मागे उभी राहून ती काय विकते ते पाहिलं. मिरची, वांगी, गुलाब. मग निळं आधीच विकलं असेल? जवळचं बोरचं वाघाचं जंगल पाहायला गाडीवाले येतात, त्यांना असल्या झाडांची किंमत कळते. तिच्या अंगावर नवं लुगडं दिसलं — ते कुठून आलं? भावानं दिलं असं ती आपणहून सांगत होती. न विचारता का सांगावं माणसानं?

तोंडावर मी तिला एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, ती चार शिव्या देती, आणि गोष्ट तिथंच संपती.

एक दिवस नळावर आमच्या गल्लीतल्या पुष्पानं विचारलं, "काऊन वं, तुह्यं निळं फूल कुठं गेलं? हे तं गुलाबी हाय."

मी म्हटलं, "मी काय सांगू बाई. कांताबाईपाशी ठेवून गेलती."

बस. एवढंच. या वाक्यात खोटं काय आहे, सांगा? एकही शब्द खोटा नाही. मी तो पुष्कळदा तपासून पाहिला आहे.

पुष्पा हसली. "झाड बदलते तं उद्या घरातलं सोनंबी बदलन बाई!" बाकीच्या हसल्या. मी "नाई वं, तसं नाई" म्हणू शकले असते. मी घागरीत पाहत राहिले, भरली तरी.

महिनाभरात चौकटीवर तीन चाब्या उरल्या. मग एकही नाही. कोणी तिला कारण सांगितलं नाही; बाया घराला कुलूप लावायच्या आणि चाबी कमरेला खोचून तिच्या दारावरून जायच्या. माझी चाबीही त्यात होती. पोरं उन्हात आपापल्या ओट्यावर आईची वाट पाहत बसायची. एक दिवस कांताबाई लंगडत माझ्याकडे आली. बसली नाही.

"वयनी, माह्याकून काही चुकलं का? कोनी चाबी देऊन नाई राह्यलं."

"मले काय मालूम," मी म्हटलं.

"नाई, तुमी शेजारच्या. तुमच्या कानावर काही आलं असन तं सांगजा."

मी नाही म्हणून मान हलवली. ती चहा न घेता गेली.

पुढे दोन वर्षांनी कृषी कॉलेजच्या मुली गावात माती तपासायला आल्या. त्यातली एक पाणी प्यायला आमच्याकडे आली आणि झाड पाहून थांबली. म्हणाली, "काकू, आपल्या काळ्या मातीत हे गुलाबीच येतं. निळं हवं असेल तर तुरटीचं पाणी घाला."

"झाड तेच राहते?" मी विचारलं.

"तेच. माती बदलली की रंग बदलतो."

तेव्हा मी काय करायला हवं होतं? नळ पन्नास पावलांवर आहे. एका वाक्यानं झालं होतं, एका वाक्यानं मिटलं असतं. पण मी त्या मुलीवरही संशय घेतला. शहरातली पोर, हिला काय कळतं? मी दुकानातून तुरटी आणली. सगळा हिवाळा पाण्यात विरघळवून घातली, घरात कोणाला कळू न देता. खरं सांगू? मला निळं फूल नको होतं. गुलाबीच यावं, कांताबाईच चोर निघावी, असं मी मनात म्हणत होते.

फाल्गुनात गेंद उमलला. अर्धा जांभळा. अर्धा निळा — तोच, नीळ जास्त झालेला.

सकाळची वेळ होती. बाया नळाकडे निघाल्या होत्या, पुष्पाचा आवाज कोपऱ्यावर आला होता. फाटकातून कोणीही पाहिलं असतं तर सगळं कळलं असतं. मी विळा आणला, गेंद कापला आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीत घातला. ओलं फूल जळत नाही. नुसता धूर करतं.

भिंतीपलीकडून कांताबाईचा आवाज आला, "काय जाळून राह्यल्या वयनी? लय धूर येऊन राह्यला."

"पाला," मी म्हटलं.

त्याला आता चार वर्षं झाली. ती शेजारीच राहते. परवा भिंतीवरून टोपलंभर शेणखत दिलं, म्हणाली, झाडाले घालजा. मी घातलं.

यंदा कळ्या भरपूर धरल्या आहेत. तुरटी मी तेव्हापासून बंद केली आहे. गुलाबीच येतील.