मामूंची टाळी
जेटीवर कुणी होडीला माशाचं तेल चोपडत असलं, की त्या वासाने मला आमच्या क्लबचा फुटबॉल आठवतो, कारण चामडं टिकावं म्हणून आमचे कोच त्यालाही तेच तेल चोळायचे. जहाजावरची नोकरी संपवून परतलेल्या या माणसाला आम्ही मामू म्हणायचो. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. सड्याच्या उघड्या कातळावरच्या खरबरीत मैदानात सराव रंगात आला की मामू टाळी वाजवायचे आणि प्रत्येकाने शेजारच्याची जागा घ्यायची, अगदी गोलकीपरनेसुद्धा. "उद्या कोणाचा व्हिसा येईल सांगता येत नाय," ते म्हणायचे, "पण जागा रिकामी दिसता नये." पोरं खरोखरच एकेक करून आखातात जात होती. एका संध्याकाळी मात्र मामूच इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलाने त्यांना कायमचं कुवेतला बोलावलं होतं. शिट्टी त्यांनी त्यांच्या हाताखालच्या पीटीच्या मास्तरांच्या गळ्यात घातली आणि स्वतः मैदानाकडेच्या दगडी गडग्यावर जाऊन बसले. मास्तरांनी टाळी वाजवली. मामूंना बरं वाटावं म्हणून आम्ही जीव तोडून खेळलो. जागा बदलत राहिल्या, पण चेंडू एकदाही अडखळला नाही. "कुठंच अडलं नाय तुमचं," मामू म्हणाले. "तुम्हीच शिकवलंत," मास्तर कौतुकाने म्हणाले. मामूंनी मान हलवली आणि सराव संपायच्या आत ते उठून चालू लागले. यंदा मीही मस्कतची नोकरी सोडून घरी आलो. माझ्या टेबलावर दुसऱ्याच दिवशी नवा माणूस बसल्याचं कळलं. त्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाने तरी पास चुकवायला हवा होता.