लिंबाच्या डागाची तलवार

हे मी कोणालेच सांगितलं नाही. पोटच्या पोरीले नाही, देवापुढंही तोंड उघडलं नाही. आता सांगून राह्यली, तुम्ही ऐका. मधात टोकू नका, नाहीतर मी पुन्हा गिळून टाकीन.

बालाघाटले माझं लग्नाच्या सामानाचं दुकान आहे. फेटे, बाशिंगं, शेले, तलवारी — सगळं भाड्यानं. घरचे मालक वारल्यापासून मीच पाहते. आमच्याकडं नवरदेवाच्या हातात तलवार पाहिजे आणि तिच्या टोकाले लिंबू खोचलेलं पाहिजे, त्याशिवाय वरात निघतच नाही. आता त्या तलवारी कसल्या? शोभेच्या! धारेवर बोट फिरवा, फुटपट्टीइतकीही लागत नाही. पातं मुठीत नुसतं नटानं कसलेलं. भाजी चिराले घेतली तर दोडका हसन.

अशा पाच होत्या माझ्याजवळ. आणि पाचही मी ओळखत होती — हे ध्यानात ठेवा. एकीच्या टोकाले मसुराएवढा काळा डाग होता. कोण्या वरातीवाल्यानं लिंबू चार दिवस तसंच ठेवलं, त्यानं पॉलिश खाल्लं. तिचं नटही सारखं ढिलं व्हायचं. सुखदेवले देताना मीच ते पान्यानं आवळून दिलं होतं.

सुखदेव भरवेलीचा. खाणीत ठेक्यावर कामाले जायचा. लहान भावाचं लग्न रामपायलीले झालं आणि दुसऱ्या दिवशी तो तलवार परत कराले मोटरसायकलवर येऊन राह्यला होता. निवडणुकीचे दिवस, नाक्यावर पोलिसाचं चेकिंग. शेल्यातून मूठ बाहेर दिसली आणि झालं — हत्यार घेऊन फिरते म्हणून ठाण्यात बसवलं. तो बिचारा एकच गोष्ट सांगे, लग्नाची आहे, बाईच्या दुकानातली आहे, बाईले विचारा.

आले ते विचाराले.

जीप दुकानासमोर थांबली ना — कसं सांगू? पानठेल्यावरचे लोक माना वळवून पाहून राह्यले. एकानं तलवार काउंटरवर ठेवली. "माताजी, ये आपके यहाँ की है क्या? असली है कि सजावटी?"

डाग माझ्या डोळ्यापुढं होता. मी पाहिला. अगदी नीट पाहिला. मनात आलं, हो म्हटलं तर बाकीच्या चार काढाले लावतील, दुकानाले कुलूप ठोकतील, मले या जीपमध्ये बसवतील, पोरीच्या सासरी कळन — एवढं सगळं एका श्वासात. आणि तोंडातून निघालं, "नहीं साहब, हमारी नहीं है. असली-नकली हमको क्या मालूम?"

कोणी धमकावलं होतं काय मले? नाही हो. चांगला बोलून राह्यला होता तो माणूस. जीप गेली तशा बाकीच्या चार मी तांदळाच्या कोठीत खुपसल्या.

पण तेवढ्यावर थांबली असती तर... नाही, थांबली नाही मी.

दुसऱ्या दिवशी सुखदेवची आई आली. दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणे, बाई, एकदा ठाण्यात येऊन नीट पाहा ना, तुमचीच होय ती. काय म्हणाव मी? तेव्हा तरी उठता येत होतं ना मले? मी म्हटलं, माय, मले आजकाल बरोबर दिसत नाही, माझ्या डोळ्याचा काय भरोसा. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणे, हौ बाई, वय झालं. आणि पदरानं तोंड पुसत गेली.

अठरा दिवस तो आत होता. तपासणीत तलवार शोभेची निघाली तेव्हा सुटला, पण तोवर खाणीतलं काम गेलं होतं. आता बसस्टँडवर ऑटो चालवते.

रागावला असन माझ्यावर, असं वाटते तुम्हाले? तेच तर! सुटला तसा दुकानात आला. म्हणे, काकू, मनाले लावून घेऊ नका, आईनं सांगितलं मले डोळ्याचं. तेव्हापासून तो मले सांभाळते. बँकेत नेऊन देते, पायऱ्या उतरताना हात धरते, कागद वाचून दाखवते. आणि मी? साठीतही बिनचष्म्यानं सुई ओवणारी बाई, दोन वर्षांपासून त्याच्यापुढं चाचपडून राह्यली. त्याच्या ऑटोचा आवाज आला की सुई गादीखाली. रोज सकाळी उठल्याबरोबर भ्याव वाटते — आज त्याले समजन, आजच समजन. ठाण्यात जाऊन खरं सांगाची हिंमत नव्हती, हे नाटक कराची मात्र रोज होते. काय म्हणाव अशा बाईले?

मागच्या महिन्यात त्यानं ऐकलंच नाही. काकू, असं कसं चालन, म्हणे, आणि गोंदियाले डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मी भिंतीवरची अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मशीनवर हनुवटी ठेवाले लावली. मग सुखदेवले म्हणाला, यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मोतीबिंदू नाही, पडदा साफ आहे, तुमच्या-माझ्यासारखं दिसतं यांना.

सुखदेवनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाहेर आलो. दवाखान्याच्या सात पायऱ्या होत्या, मले एकूणएक दिसून राह्यल्या होत्या. त्यानं नेहमीसारखा हात पुढं केला. आणि मी तो धरला.