खालच्या फळीवरच्या बाटल्या

आठवीत शाळा सुटली आणि पुढे गडचिरोलीकडून इतक्या लांब नाशिकला आले, तेव्हा वायनरीत बाटल्या पुसायचं काम मिळालं. लवकरच मॅडमनी, म्हणजे वाइन बनवणाऱ्या बाईंनी, मला तळघरात नेलं. एका पांढऱ्या वाइनच्या बाटल्या फळ्यांवर लावायच्या होत्या. त्या विकायच्या नव्हत्या. दर वर्षी एक उघडून चव कशी बदलते, ते बघायचं होतं. वरच्या फळीवर आधीच आडव्या लावलेल्या होत्या. फळी बुटकी, म्हणून आडव्या असतील, असं मला वाटलं. खालची उंच होती. तिथे मी उभ्या लावल्या. आमच्याकडे मोहाच्या दारूची बाटली आडवी झाली की चिंधीचं बूच गळतं, आई ओरडते.

बूच वाइनने ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर सुकतं आणि हवा आत शिरते, हे वर्षभराने कळलं. त्या दिवशी सगळ्या गुपचूप आडव्या केल्या. बोलले नाही. नोकरी गेली असती तर जाणार कुठे?

पुढे मॅडम मला चव घ्यायला बसवू लागल्या. "अगं, तुझं नाक माझ्यापेक्षा शिकलेलं आहे," म्हणायच्या. मी दर वेळी वरच्याच फळीवरची काढायची. आधी ती पेरूसारखी, जिभेला टोचणारी होती. मग टोचणं कमी झालं. गेल्या वर्षी पोळं पिळल्यावर हाताला राहतो तसा मेणाचा वास आला, मागून वाळल्या मोहफुलांचा. मॅडमनी वहीत माझेच शब्द लिहिले. ती वरची शेवटची बाटली.

यंदा खालची काढली. बुचाचा भुगा झाला. रंग कोऱ्या चहाचा, वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा. मॅडमनी घोट घेऊन थुंकला. "मेली गं ही. दुसरी आण."

दुसरीही तशीच.

"बूचवाल्याने फसवलं. फोनच लावते त्याला."

"त्याचं काही नाही मॅडम. मी उभ्या ठेवल्या होत्या. वर्षभर."

मॅडमनी ग्लास खाली ठेवला. "आणि आज सांगतेस?"

"भेव वाटलं."

"आता ही वाइन अजून कुठवर बदलत गेली असती, ते आपल्याला कधीच कळायचं नाही." मग वही सरकवली. "लिही. तुझ्या हातानं. पुढच्याला कळू दे."

कामावरून काढून टाकलं नाही, म्हणून मी अजून मनात त्यांना हात जोडते. वाकड्या अक्षरात लिहिलं. थुंकायचं भांडं समोर होतं. माझ्या ग्लासातलं मी गिळलं.