काठाची चिंधी

पाचोऱ्यात रेल्वे फाटकापलीकडे लीलाधर मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज पुढे, घर मागे. माणूस तोंडाचा फटकळ. गिऱ्हाईक डोक्याशी येऊन उभं राहिलं की सरळ विचारतो, "गाडी तुम्ही दुरुस्त करता, का मी करू?" एका पुढाऱ्यालाही त्याने बाकड्यावर ताटकळत बसवलं होतं. पण व्याही दारात आला की या वाघाची शेळी होते. मुलीचा बाप ना तो. मुलगी दिली की बापाची मान वाकलीच पाहिजे, असं आपल्याकडे कोणी ठरवलं देव जाणे. मला तर संताप येतो, पण माझ्या संतापाला विचारतो कोण?

व्याही म्हणजे चुडामण नाना, अमळनेरजवळच्या खेड्यातले कापसाचे मोठे शेतकरी. त्यांच्या जुन्या डिझेल जीपचं इंजिन बसलं. अमळनेरात काय गॅरेजांचा दुष्काळ पडलाय? पण लीलाधरची मेघा, त्या घरची धाकटी सून, स्वयंपाकघराच्या दारातून बोलून गेली, "माझ्या बाबांकडे पाठवा. त्यांनी बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही." सून बोलली, सासऱ्यासमोर बोलली, आणि वर स्वतःच्या बापाची फुशारकी. मोठ्या जावेने नाक मुरडलं. नानांनी मात्र गाडी दोर लावून पाचोऱ्याला धाडली.

तेव्हापासून लीलाधरला दुसरं काही सुचत नव्हतं. गाडीचं एक वेळ काही नाही, नाना दुसरी घेतील. पण हे इंजिन फसलं तर पोरीला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. भाजीत मीठ जास्त झालं तरी निघालं असतं, "तुझ्या बापाच्या इंजिनासारखंच झालं गं."

म्हणून त्याने जीव ओतून काम केलं. त्याची एक रीत आहे. आपल्याकडे धूळ केवढी, हे काय सांगायला हवं? इंजिन उघडं असताना त्याच्या प्रत्येक भोकात तो चिंधीची वात करून खोचतो. चिंध्या बायकोच्या, सुलक्षणाच्या, जुन्या सुती पातळाच्या. त्यातली हिरव्या काठाची चिंधी तेलाच्या वाटेसाठी राखलेली, कारण ती वाट बुजलेली राहिली तर इंजिन मेलंच. काठ लांबून डोळ्यात भरतो. भोक बंद करायची वेळ आली की चिंधी काढायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावायची.

गाडी सुरू करायचा दिवस आला. नाना नारळ घेऊन आले, सोबत मेघा आणि जावई भूषण. नानांना बघताच लीलाधर हात पुसत उठला, खुर्ची झटकली, चहा सांगितला आणि मग कामाला लागला. पाणी भरलं होतं, तेल भरलं होतं, डिझेलच्या नळीतली हवा काढून झाली होती. नव्याने बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. तेल सगळीकडे पोचायच्या आत ते धडाडलं, तर आतलं लोखंडच लोखंडाला खातं. म्हणून तो आधी डिझेल तोडून नुसता सेल्फ मारतो. इंजिन फिरतं, पेटत नाही, आणि तेवढ्यात तेल चढतं.

त्याने सेल्फ मारला. तेलाचा काटा हलला आणि वर चढला.

"झालं?" नानांनी नारळ हातात घेतला. मेघाचा चेहरा फुलला.

लीलाधरने मात्र इंजिनाचं वरचं झाकण मुद्दाम बसवलं नव्हतं. त्याने वाकून पाहिलं. वर सगळं कोरडं ठाक. काटा म्हणतोय खाली तेल आलं, आणि वर तेलाचा थेंब नाही. त्याने पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा कोरडं. मान वळवून त्याने खिळ्याकडे पाहिलं. मळकट पांढऱ्या चिंध्यांचा झुबका तिथे होता. हिरवा काठ नव्हता.

आणि मग त्याला आठवलं. वर तेल नेणारी नळी बसवायला घेतली होती, बोल्ट हातात होता, तेवढ्यात नाना बाजाराच्या निमित्ताने अचानक दारात उभे. व्याह्याला उभं कसं ठेवायचं? बोल्ट तसाच टाकून तो उठला होता. हात धुतले, चहा झाला, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, बसपर्यंत पोचवून आला. परत येऊन बोल्ट उचलला आणि पिळून टाकला. आत बघितलंच नाही.

"चला भाऊ, लावा चावी," नाना म्हणाले.

मनात पाप आलंच. का येऊ नये? लाव चावी. झाकण बसव आणि लाव. आज तर धडधडेल, गावाला जाईल, आठ-पंधरा दिवस निघतील. नंतर बिघडली तर रस्त्याला दोष देता येईल, डिझेलला देता येईल. मेघा केवढ्या विश्वासाने बघत होती. तिच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे तिच्याच थोबाडीत मारल्यासारखं होतं.

त्याने चावी काढली आणि खिशात घातली.

"नाना, गाडी अशी चालू करता येणार नाही. तेलाच्या वाटेत चिंधी राहिली. चूक माझी आहे."

"काय व्हयनं?" काय झालं ते नानांना पटकन उमगेना. लीलाधरने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. मेघाने मान खाली घातली.

त्याने नळीचा बोल्ट सोडला. पाना दोनदा निसटला. चिमट्याने ओढली तशी तेलाने निथळणारी वात बाहेर आली. हिरवा काठ.

नानांनी ती हातात घेतली. "ही नळी कोणत्या दिवशी बसवली?"

"आठवत नाही," लीलाधर म्हणाला.

चहाचे कप घेऊन आलेल्या सुलक्षणाला राहवलं नाही. "तुम्ही मागे आला होता ना, त्या दिवशी. हातातलं काम टाकून उठले हे."

"तिचं काय ऐकता, नाना," लीलाधर चिडून म्हणाला. "इंजिन मी बांधलं."

सुलक्षणाने पुढे केलेला कप नानांनी घेतला नाही.

नळी बसली. सेल्फ मारला. या वेळी वर तेल पाझरलं, मग झुळझुळ वाहू लागलं. झाकण लागलं, डिझेल सुरू झालं, चावी फिरली. इंजिनाने काळा धूर ओकला, खोकलं, आणि एका लयीत चालू लागलं. भूषणने नारळ फोडला. लीलाधर मात्र जीपखाली कुठे तेल गळतंय का, हे बघायला उकिडवा बसला होता.

नाना खोबऱ्याचा तुकडा घेऊन त्याच्याकडे आले. लीलाधर सवयीने हात पँटला पुसत उठायला लागला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली दाबलं.

"उठानी गरज नही शे, भाऊ. काम करा."

आणि पांढऱ्या धोतराची पर्वा न करता ते त्याच्याशेजारी तेलकट फरशीवर बसले. मेघा बघत होती. व्याह्यादेखत लीलाधर पहिल्यांदाच बसून राहिला.