कानातली लव

उंबऱ्यापाशी फरशीच्या फटीत हरळी उगवली आहे. दारावरून रिक्षा गेली की ती वाकते आणि पुन्हा उभी राहते. सकाळपासून मी तेच बघत बसलोय. दुसरं काम काय आहे मला!

परवा कानाची डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, कानाच्या आत गवतासारखी बारीक लव असते, पाण्यात बुडालेली. आवाज आला की पाणी हलतं, लव वाकते, तेव्हा माणसाला ऐकू येतं. तुम्ही पन्नास वर्षं तांब्याची भांडी ठोकलीत. तुमची लव आडवी झाली. ती आता उठायची नाही."

मी दुसरीपर्यंत शिकलेला, पण हे लगेच कळलं. एकाच जागी फार ठोकलं तर तांबंसुद्धा तडकतं.

वाईट एवढंच वाटलं, की जन्मभर मी बायकोला म्हणत आलो, "तुझ्या बडबडीनं माझे कान गेले." ती हसायची आणि कापसाचे बोळे पुढे करायची. मी ते चुलीत टाकायचो. ती जाऊन आता वर्ष होईल. तिच्या बोलण्यानं ती लव नुसती डोलली असेल, या हरळीसारखी. आडवी केली ती माझ्या हातोडीनं.

म्हणून आत्ता उठलो, तिच्या फोटोपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी होती गं."

आतून सूनबाई ओरडली, "बाबा, हळू! आईंनी ऐकलं, आणि अख्ख्या आळीनंही!"

बरं झालं. तिला बोल तरी मी आळीसमोरच लावत होतो.